प्रतीक्षा काळातल्या बनुबाई

कराडच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्रशास्त्र शिकवणारे प्राध्यापक वीरधवल माने यांनी गेल्या दसऱ्याला घरातल्या सर्वांसाठी खासगी वैद्यकीय विमा घ्यायचं ठरवलं. निर्णय योग्यच होता. त्यांच्या विभागातल्या एका सहकाऱ्याचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं, आणि ते गृहस्थ कामावर परतले तेव्हा पित्ताशयाबरोबर त्यांची नवी चारचाकीही गेलेली होती.

वीरधवल अभ्यासू माणूस. बाजारात एखादी वस्तू मिळते म्हणजे तिच्यातली एक सर्वोत्तम असणारच, आणि ती सापडेपर्यंत दुसरी घेणं हा निव्वळ मूर्खपणा, असं त्यांचं मत. त्यांच्या घरी मिक्सर आला तोही दीर्घ अभ्यासानंतर. तोवर चटणी खलबत्त्यात कुटली जात होती, पण आला तो मिक्सर उत्तम होता हे त्यांचे विरोधकही मान्य करत. त्यांचे विरोधक म्हणजे त्यांच्या पत्नी संयोगिता. त्या गावातल्याच एका शाळेत विज्ञान शिकवत.

घरातलं तिसरं माणूस म्हणजे वीरधवल यांच्या आई, बनुबाई. कोयनेकाठच्या गावात उसाच्या शेतात आयुष्य काढलेल्या आणि नवरा गेल्यावर मुलाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलेल्या. इमारतीला लिफ्टसाठी जागा सोडलेली होती. लिफ्ट नव्हती.

विम्याचं ठरल्यावर मार्गदर्शनाला जयराज आला. हा वीरधवल यांचा मामेभाऊ. आधी तो सौर बंब विकायचा, मग पाणी शुद्ध करायची यंत्रं विकू लागला. सध्या तो लोकांचं आरोग्य सुरक्षित करत होता.

"दादा, आधी प्रकार समजून घे," जयराज म्हणाला. "एक वैयक्तिक. एक फ्लोटर. त्याच्यावर टॉप-अप, आणि त्याच्यावर सुपर टॉप-अप. गंभीर आजाराचा परत वेगळा."

"फ्लोटर म्हणजे काय?" संयोगितांनी विचारलं.

"वहिनी, गच्चीवरची पाण्याची टाकी समजा. सगळ्या घरात मिळून एकच. जो आधी आजारी पडंल त्यानं आधी नळ सोडायचा."

"आणि त्यानं टाकी रिकामी केली तर?"

"मग बाकीच्यांनी पुढच्या वर्षी आजारी पडायचं."

बनुबाई कोपऱ्यात लसूण सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "टाकी तुमी दोघं वापरा रं. मला काय हुतंय."

दिवाळीत त्यांना झालं. फराळाचे डबे घेऊन जिना चढताना छातीत आवळल्यासारखं झालं आणि त्या पायरीवरच बसल्या. वर येऊन चहा घेताना त्यांनी ते सांगितलं, तेव्हा जयराज समोरच चिवडा खात होता. त्यानं बशी खाली ठेवली.

"आत्या, तू आता जे काय बोललीस ते मी ऐकलं न्हाई."

"अरं, छातीत कळ आली म्हनलं मी."

"तेच ते. ते ऐकलं न्हाई." मग तो वीरधवल यांच्याकडे वळला. "दादा, पॉलिसीच्या आधीपासनं असलेल्या आजाराला कंपनी काही वर्षं हात लावत न्हाई. आत्ता आत्याला डाक्टरकडं नेलं, आणि त्यानं कागदावर लिहिलं, की झाला आजार. डाक्टरनं लिहिलं न्हाई तोवर त्याला आजार म्हणत न्हाईत. ते नुसतं दुखणं."

हा भेद वीरधवल यांना तर्कशुद्ध वाटला. त्यामुळे पॉलिसी हाती येईपर्यंत बनुबाईंनी डॉक्टरांना भेटू नये, असा निर्णय त्यांच्याच प्रकृतीच्या हितासाठी सर्वानुमते घेण्यात आला. सर्वानुमते म्हणजे वीरधवल आणि जयराज यांच्या मते. संयोगिता म्हणाल्या, "मग पॉलिसी उद्याच्या उद्या घ्या." ही सूचना पुरेशा अभ्यासाअभावी फेटाळण्यात आली.

अभ्यास सुरू झाला. वीरधवल कॉलेजातून आले की लॅपटॉप उघडत आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या योजना शेजारीशेजारी मांडून बघत. एका योजनेत खोलीभाड्याला मर्यादा होती. दुसरीत ती नव्हती, पण मोतीबिंदूला होती. तिसरीत दोन्ही नव्हत्या, पण दर खर्चातला काही हिस्सा रुग्णानं सोसायचा होता. एका योजनेत बाळंतपण समाविष्ट होतं, तेव्हा घरातल्या कोणाच्याच बाबतीत तो प्रश्न उद्भवत नसताना त्याचा हप्ता का भरायचा, यावर त्यांनी कंपनीशी सविस्तर पत्रव्यवहार केला. आणखी एका योजनेत हेलिकॉप्टरनं दवाखान्यात नेण्याची सोय होती. वीरधवल यांनी गच्चीवर जाऊन मोजमाप घेतलं. मोबाइल टॉवरचा खांब आडवा येत होता.

दोनदा निवड पक्की झाली आणि दोन्ही वेळा कंपनीनं ती योजना बंद करून त्याच नावापुढे 'प्लस' लावलेली नवी आणली. तेव्हा सगळं पहिल्यापासून बघावं लागलं.

तोवर बनुबाईंचं दुखणं दुखणंच राहिलं. जिना चढताना त्या पहिल्या मजल्यावर थांबत आणि शेजाऱ्यांच्या दारातली तुळस निरखत. तुळशीत एवढं बघण्यासारखं काय आहे, असं शेजारणीला वाटू लागलं. मध्येच जयराजच्या ओळखीच्या एका औषधाच्या दुकानातून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या आल्या. चिठ्ठी नाही, बिल नाही. दुकानदाराच्या वडिलांना त्याच गोळ्यांनी गुण आला होता, एवढा आधार पुरेसा मानण्यात आला.

त्यातच एका स्थानिक नेत्याच्या वाढदिवसानिमित्त चौकात मोफत आरोग्य तपासणी शिबिर भरलं. तपासून घेणाऱ्या प्रत्येकीला स्टीलचा डबा मिळणार होता. शेजारणीबरोबर बनुबाई रांगेत उभ्या राहिल्या. हे कळताच वीरधवल तास सोडून स्कूटरवरून आले आणि दंडाला पट्टा बांधायच्या आत त्यांनी आईला रांगेतून बाहेर काढलं. डॉक्टर म्हणाले, "अहो, बघू तरी द्या." वीरधवल म्हणाले, "त्यांना काहीही झालेलं नाही." आईची एवढी काळजी घेणारा मुलगा हल्ली बघायला मिळत नाही, असं रांगेतल्या बायका म्हणाल्या.

उन्हाळ्याच्या सुट्टीत अखेर निवड झाली. फ्लोटर, त्यावर सुपर टॉप-अप. मात्र बनुबाईंच्या वयामुळे कंपनीच्या डॉक्टर त्यांच्याशी फोनवर बोलणार होत्या. त्याची घरी तालीम घेण्यात आली. वीरधवल डॉक्टर झाले, बनुबाई बनुबाईच राहिल्या. कुठल्याही प्रश्नाला "न्हाई" म्हणायचं, इतकं सोपं करून दिलं.

फोन आला तेव्हा तो स्पीकरवर ठेवून वीरधवल समोर बसले.

"नमस्कार, बनुबाई माने बोलताय का?"

"न्हाई," बनुबाई म्हणाल्या.

वीरधवल यांनी जोरजोरात मान हलवली.

"व्हय व्हय. मीच ती."

"चालताना दम लागतो का, आजी?"

"न्हाई."

"छातीत दुखतं? जड वाटतं?"

"न्हाई."

"झोप लागते का नीट?"

"न्हाई."

पलीकडे टंकलेखनाचा आवाज थांबला. "झोप लागत नाही?"

"लागती की. लय लागती," वीरधवल यांच्या हातवाऱ्यांकडे बघत बनुबाई म्हणाल्या.

"कुठली औषधं चालू आहेत?"

"न्हाई."

"ही उत्तरं द्यायला घरच्या कोणी भाग पाडलेलं नाही ना?"

"न्हाई," बनुबाई म्हणाल्या. हे उत्तर मात्र त्यांनी कोणाकडेही न बघता दिलं.

फोन ठेवल्यावर वीरधवल समाधानानं आत गेले. बनुबाई स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकल्या. संयोगिता कणीक मळत होत्या.

"बाई आवाजावरनं बरी वाटली," बनुबाई म्हणाल्या. "दिवाळीपासनं पयल्यांदाच कुनीतरी मला दुखतंय का म्हनून इचारलं. आन् मी न्हाई म्हनलं."

संयोगितांनी हात धुतले. "आई, आपण दोघी उद्या डॉक्टरकडं जाऊ. यांना सांगायला नको."

"नगं गं पोरी. एवढं वरीसभर बसून केलंय त्यानं. माझ्यापायी वाया जायाला नगं."

पॉलिसी आली. सोबत बनुबाईंच्या नावाचं चकचकीत कार्ड होतं, त्यावर हसणारं एक कुटुंब समुद्रकिनाऱ्यावर धावत होतं. आणि सुरुवातीचा एक महिना प्रतीक्षा काळ होता. त्या मुदतीत अपघात सोडून कुठलंही आजारपण चालणार नव्हतं.

"आई, एवढा महिना काढ," वीरधवल म्हणाले.

बनुबाईंनी तो काढला. रॉकेलच्या, रेशनच्या रांगा त्यांनी पाहिल्या होत्या. नंबर लागेपर्यंत थांबायचं असतं, हे त्यांना वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. त्या महिन्यात त्या जिना उतरल्याच नाहीत, म्हणजे चढायचा प्रश्न नाही.

महिना संपला तेव्हा संयोगितांनी शाळेत रजा टाकली. पण जयराजनं थांबवलं. "वहिनी, मुदत संपली आणि लगीच दवाखान्यात उभं, तर कंपनीला वास येतो. जरा नैसर्गिक वाटू दे."

"हृदयाचं दुखणं नैसर्गिक वाटायला किती दिवस लागतात?" संयोगितांनी विचारलं.

"गणपती हुंदेत," जयराज म्हणाला.

गणपती झाले नाहीत. त्याआधीच एका सकाळी बनुबाई देवपूजेला बसल्या असताना घामानं भिजल्या आणि तिथंच एका कुशीवर कलल्या. डावा हात उचलेना. पहिल्या मजल्यावरच्या दोघांनी त्यांना खुर्चीत बसवून खाली आणलं आणि संयोगिता त्यांना घेऊन गाडीत मागे बसल्या.

"समोरच्या दवाखान्यात घ्या," त्या म्हणाल्या.

वीरधवल यांनी गाडी सुरू केली. "तो कंपनीच्या यादीत नाही. मागच्याच आठवड्यात यादीतून गेला. कंपनीशी त्यांचं पटलेलं नाही."

"त्यांचं कंपनीशी पटलं नाही, तर आईंनी काय करायचं?"

"सांगलीला यादीतला आहे. कॅशलेस आहे, बिल थेट कंपनी भरते."

गाडी महामार्गाला लागली. दोन्ही बाजूंना दवाखान्यांच्या पाट्या येत होत्या आणि वीरधवल यांना त्यांतली प्रत्येक पाठ होती. हा यादीत नाही. हा आहे, पण त्यात हृदयविभाग नाही. हा होता, पण काळ्या यादीत गेला. पेठ नाका मागे पडला, आष्टा मागे पडलं. बनुबाईंचं डोकं संयोगितांच्या मांडीवर होतं. "आई, दुखतंय का?" त्यांनी दोनदा विचारलं. बनुबाईंनी डोळे उघडून पुढे गाडी चालवणाऱ्या मुलाच्या पाठीकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही.

सांगलीच्या त्या दवाखान्यात दोन खिडक्या होत्या. एकीवर 'विमा' लिहिलं होतं, दुसरीवर 'इतर'. विम्याच्या खिडकीत पायल नावाची एक तरतरीत मुलगी बसली होती.

"पॉलिसी कुठल्या टाइपची आहे, सर?"

"फ्लोटर. वर सुपर टॉप-अप."

पायलनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "छान निवडलीय, सर. लोक टॉप-अप घेतात आणि फसतात."

वर्षभराच्या मेहनतीची कोणीतरी पहिल्यांदाच कदर केली होती. वीरधवल यांना त्या परिस्थितीतही बरं वाटलं. बनुबाई शेजारी चाकाच्या खुर्चीत होत्या.

"तुमच्या पॉलिसीत एकट्याची साधी एसी खोली बसते," पायल म्हणाली. "आमच्याकडं एकट्याची आहे ती डिलक्स. साधी आहे ती दोघांची. डिलक्स घेतली तर डॉक्टरांच्या फीपासून कापसापर्यंत सगळं त्याच प्रमाणात कापून येईल. दोघांची घेतली तर तुम्ही हक्काची सोय सोडली असा अर्थ होतो. काय लिहू?"

वीरधवल यांनी यावर विचार सुरू केला. प्रश्न खरोखर गुंतागुंतीचा होता. त्यांनी जयराजला फोन लावला. तो लागेपर्यंत संयोगितांनी खुर्चीच्या मुठी धरल्या, 'आपत्कालीन' लिहिलेलं दार पायानं ढकललं आणि सासूला आत नेलं.

आतल्या डॉक्टर मध्यमवयीन होत्या आणि घाईत होत्या. त्यांनी छातीला तारा लावायला सांगितल्या आणि वाकून विचारलं, "आजी, काय होतंय?"

"न्हाई," बनुबाई म्हणाल्या.

"छातीत दुखतंय ना?"

"न्हाई."

"कधीपासून आहे हे?"

"न्हाई."

एवढ्यात वीरधवल आत आले. बनुबाईंनी त्यांना हातानं जवळ बोलावलं आणि क्षीण आवाजात विचारलं, "ह्या डाक्टरीनबाई आपल्या, का कंपनीच्या?"

डॉक्टरांनी कागदावरच्या उड्या मारणाऱ्या रेषा पाहिल्या, मग मुलाकडे पाहिलं. "त्या सांगत नाहीत. तुम्ही सांगा. त्रास कधीपासून आहे? आणि काही गोळ्या चालू आहेत का? रक्त पातळ करायच्या वगैरे? मला आता जे इंजेक्शन द्यायचं आहे ते चुकलं तर आतून रक्त सुटेल आणि थांबणार नाही."

वीरधवल यांनी तोंड उघडलं. डॉक्टरांच्या शेजारी परिचारिका पेन धरून उभी होती. ती जे लिहील ते कंपनीकडे जाणार होतं. दिवाळी म्हटलं तर वर्षभराचा अभ्यास पाण्यात. आज सकाळ म्हटलं तर पॉलिसी चालू. त्यांनी आईकडे पाहिलं, पेनाकडे पाहिलं, परत आईकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, हे खरं आहे. मुलगा वाईट नव्हता. तो फक्त सर्वोत्तम उत्तर शोधत होता.

"दिवाळीपासून," संयोगिता म्हणाल्या. "जिना चढताना छातीत आवळतं, डाव्या हाताला कळ जाते. रक्त पातळ करायची गोळी रोज एक, हिवाळ्यापासून. आजची सकाळी घेतलीय. डॉक्टरला एकदाही दाखवलेलं नाही."

"का नाही दाखवलं?"

"विमा घ्यायचा होता."

डॉक्टरांनी आश्चर्य व्यक्त केलं नाही. त्यांनी इंजेक्शन बाजूला ठेवायला सांगितलं आणि बनुबाईंना थेट आतल्या कक्षात घेतलं. दुपारी बाहेर येऊन त्या म्हणाल्या की एक रक्तवाहिनी पूर्ण बंद होती, ती उघडली आहे, आणि ते इंजेक्शन दिलं असतं तर पुढचं सांगता आलं नसतं.

जयराज संध्याकाळी सांगलीत पोचला. "वहिनी, दिवाळीच्या जागी तेवढं 'आज सकाळपासनं' म्हणायला पायजे हुतं," तो म्हणाला.

"म्हटलं असतं," संयोगिता म्हणाल्या, "तर पॉलिसी वाचली असती. वारस म्हणून तुमच्या दादांचं नाव आहेच त्यावर."

वीरधवल खिडकीबाहेर बघत उभे होते. ते चार दिवस पत्नीशी बोलले नाहीत. त्यांतले पहिले दोन रागानं, नंतरचे दोन कशानं ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी बनुबाई पूर्ण शुद्धीवर आल्या. परिचारिकेनं नेहमीप्रमाणे विचारलं, "आजी, कुठं दुखतंय का?" बनुबाईंनी आधी सुनेकडे पाहिलं. सुनेनं मान डोलावली. मग बनुबाईंनी सांगायला सुरुवात केली. छाती दुखतेय. उजवा गुडघा दुखतो. टाच दुखते, पहाटे तर टेकवत नाही. मागची दाढ ठणकते. उसाची मोळी उचलताना एकदा कंबर धरली, ती सुटलीच नाही. नवरा गेल्यापासून रात्री छातीवर धोंडा ठेवल्यागत होतं, पण ते दुखणं वेगळं, ते लिहू नका. परिचारिका लिहीत होती. बनुबाईंच्या चेहऱ्यावर बरेच दिवसांनी रंग आला होता. जयराजचा मात्र उडाला, कारण एका दुखण्याच्या जागी आता अर्धं पान पूर्वीचे आजार झाले होते.

घरी सोडायच्या दिवशी वीरधवल यांच्या मोबाइलवर कंपनीचा संदेश आला. माहिती दडवल्यामुळे दावा नाकारण्यात येत असून बनुबाईंचं नाव पॉलिसीतून कमी करण्यात येत आहे. आपल्या मातोश्रींच्या प्रकृतीस शुभेच्छा. आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात, ते पाचपैकी तारे देऊन कळवा.

घरी आल्यावर बनुबाईंनी मुलाला एकच गोष्ट मागितली. गावाकडे सोड. तिथं घर जमिनीवर होतं. वीरधवल यांनी दुसऱ्याच आठवड्यात त्यांना नेऊन सोडलं.

दावा फेटाळल्याची बातमी कॉलेजात पसरली आणि वीरधवल यांचा मान वाढला. या विषयातला अनुभव आता त्यांच्याइतका कोणाकडे नव्हता. स्टाफरूममध्ये लोक खुर्च्या ओढून त्यांच्याभोवती बसू लागले. मग प्राचार्यांच्या सूचनेवरून सभागृहात त्यांचं व्याख्यान ठेवण्यात आलं, 'योग्य वैद्यकीय विमा कसा निवडावा'. पडद्यावर तक्ते होते, चहा होता, गर्दी चांगली होती. खोलीभाड्यावर प्रश्न आले, प्रतीक्षा काळावर आले. आता घ्यायची तर कुठली घ्यावी, असं तिघांनी विचारलं. शेवटी त्या कंपनीचं नाव काय, हे जाणून घ्यायला लोक व्यासपीठापर्यंत आले.

ही हकिकत मी आजवर बऱ्याच जणांना सांगितली आहे, आणि ती ऐकून झाल्यावर प्रत्येकानं पहिला प्रश्न कंपनीच्या नावाचाच विचारला. तुम्हालाही तो मघापासून पडलेला असणार. पॉलिसी आली तिथं तुम्ही नाव शोधलंत, सांगलीच्या खिडकीपाशी परत शोधलंत. संकोच करू नका, वेगळं मला भेटा, मी सांगेन. बनुबाई आता कशा आहेत हे मात्र कोणी विचारत नाही, त्यामुळे त्याचं उत्तर मी अजून तयार केलेलं नाही.